पुसलेलं ‘म्हणे’

सातवीच्या बाईंचा शेवटून दुसरा तास सुरू झाला की वर्ग कान टवकारून बसे, कारण त्या तासाला पुस्तक उघडायचं नसे. बातमी पक्की की उडती, फोटो पूर्ण की कापलेला, हे ओळखायचं असे. त्या दिवशीचा शब्द होता ‘म्हणे’.

“हा शब्द कानावर आला की काय विचारायचं?”

“कोण म्हणे!” वर्ग एका सुरात ओरडला.

“माझी आजी म्हणे,” मागच्या बाकावरून आवाज आला.

“आणि आजीला कोणी सांगितलं?”

“शेजारच्या काकूंनी.”

“काकूंना?”

पोरगं डोकं खाजवत राहिलं. “आजीनंच की, बाई!”

हशा पिकला. बाईही हसल्या. उदाहरणाला एखादं वाक्य हवं होतं. खिडकीतून पाण्याची उंच टाकी दिसत होती, आणि टाकी दिसली की त्यांना दादा आठवे. आईवडिलांमागे त्यानंच त्यांना वाढवलं. वस्तीला पाणी सोडायच्या चाव्या फिरवून फिरवून शिकवलं. सकाळी चपला पायात अडकवताना तो म्हणाला होता, “मास्तरीणबाई, आज टाकीत औषध टाकायचंय. पाण्याला जरा वास येईल, नाक मुरडू नका.”

तोच धागा धरून बाईंनी वळणदार अक्षरात फळ्यावर लिहिलं: टाकीवर चढून कोणीतरी पाण्यात काहीतरी टाकतं म्हणे.

पुढच्या बाकावरची एक मुलगी दचकली. “बाई, खरंच?”

“शेवटचा शब्द वाच बघू.”

“म्हणे.”

“मग घाबरायचं की विचारायचं?”

“विचारायचं!”

फळा पुसायची पाळी वर्गातल्या सगळ्यात बुटक्या मुलीची होती. तिला सगळे चिमणी म्हणत. चिमणीनं टाचा उंचावून दाराकडच्या टोकापासून डस्टर फिरवायला घेतलं. एकच शब्द पुसला गेला आणि घंटा झाली. चिमणी भुर्रकन उडाली. बाई वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून शिक्षकांच्या खोलीत गेल्या. मागे फळ्यावर वाक्य राहिलं, शेपूट तुटलेलं, पण सुबक आणि शांत.

पुढच्या तासाला त्याच वर्गात पालकांची सभा होती.

वह्या तपासता तपासता बाईंचा फोन थरथरला. फळ्याचा फोटो. अक्षर त्यांचंच. खाली कोणीतरी लिहिलं होतं, शाळेनं मुलांना सावध केलं आहे, आता तरी जागे व्हा. त्यापाठोपाठ दुसरा फोटो आला: टाकीच्या कडेला एक पाठमोरा माणूस पिशवीतून पांढरी भुकटी ओततोय.

ती पाठ दादाची होती. वर्गात शिकवलेलं सगळं त्यांनी त्या फोटोवर लावून पाहिलं. फोटो कापलेला नव्हता. जुना नव्हता. फळ्यावरचं वाक्यसुद्धा खोटं नव्हतं.

‘ते फक्त उदाहरण होतं,’ त्यांनी घाईघाईनं लिहून पाठवलं. लगेच उत्तर आलं, ‘बाईंवर कोणाचा तरी दबाव दिसतोय.’

दादाचा फोन नुसता वाजत राहिला. वर चढताना तो फोन सदऱ्यासकट खालीच ठेवी.

बाई धावत सुटल्या. दारोदारी बायका भरलेल्या बादल्या रस्त्यावर उपड्या करत होत्या. ओल्या रस्त्यावरून माणसं टाकीकडे निघाली होती. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं शटर खाली घेतलं होतं, पण ते ओढायचा लोखंडी आकडा ठेवून द्यायला विसरल्यासारखा हातातच धरला होता. कोणी ओरडत नव्हतं. तेच वाईट होतं.

टाकीखाली गर्दी दाटली होती. बाई वाट काढत शिडीशी पोचल्या आणि पाठ टेकून उभ्या राहिल्या.

“अहो, ते वाक्य माझं आहे! मीच लिहिलं फळ्यावर!”

“ऐकलंत? बाई स्वतः सांगतायत!”

“पण त्यातला एक शब्द पुसला गेलाय...”

“पुसू दे हो. समजायचं ते समजलं आम्हाला.”

“वर माझा भाऊ आहे! पाणी साफ करायचं औषध टाकतोय तो!”

दुकानदार मागच्यांकडे वळून म्हणाला, “भाऊ आहे म्हणे.”

“औषध आहे म्हणे,” कोणीतरी री ओढली. आणि ते दोन बोल, औषध म्हणे, भाऊ म्हणे, गर्दीच्या शेवटच्या माणसापर्यंत हसत हसत गेले.

पुसलेला शब्द परत आला होता. खोट्याला सोडून आता तो खऱ्याला येऊन चिकटला होता.

तेवढ्यात वरून गुणगुणणं ऐकू आलं. कामावर असला की दादा स्वतःच जुळवलेलं गाणं म्हणे.

चावी फिरे गरगर,
पाणी चाले घरोघर...

रिकामी पिशवी झटकून त्यानं खाली वाकून पाहिलं. एवढी माणसं जमलेली बघून त्याला वाटलं असेल, नळाला पाणी आलं नाही म्हणून आलीत. घोळक्यात बहीण दिसली तसा त्यानं हात हलवला.

बाईंनी सगळा जीव गळ्यात आणला. “दादा, उतरू नकोस!”

वर वारा होता. त्यानं वाक्य उचललं, वर नेलं, आणि नेता नेता त्याचं टोक तेवढं खुडून टाकलं.

“आलो गं, आलो!” दादा वरून म्हणाला. पाठ फिरवून त्यानं शिडीवर पहिला पाय ठेवला.