हलकेश्वराचे दोन किलो

"उतरलं! दोन किलो उतरलं!"

शंख वाजला आणि चिकलठाण्यातल्या बंद कारखान्याच्या त्या शेडमध्ये टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. काट्यावर एक पैलवान गडी उभा होता. मघाशी ब्याण्णव भरलेला गडी आता नव्वद भरत होता. त्याच्याआधी एक काडीपैलवान कारकून दोन किलोंनी उतरला होता आणि त्याच्याही आधी एका तान्ह्या बाळानं बरोब्बर दोन किलो पाप टाकलं होतं. बाळाला अजून दातसुद्धा आले नव्हते, मग त्यानं पाप केलं कधी, असं कोणी विचारलं नाही. "मागच्या जन्मीचं," असं महाराजांनी न विचारताच सांगून ठेवलं होतं.

महाराजांचं नाव हलकेश्वर. स्वतः मात्र चांगले भरभक्कम. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येत. त्यांना काट्यावर पाय ठेवताना अजून कोणी पाहिलं नव्हतं.

विधी मोठा देखणा होता. भक्तानं आधी काट्यावर उभं राहायचं, शिष्य आकडा मोठ्यानं वाचणार. मग भक्तानं उतरून हात जोडायचे. रिकाम्या काट्यावर महाराजांच्या जाडजूड पितळी पादुका ठेवल्या जात. शिष्य आकड्यांवर रेशमी रुमाल टाकी आणि रुमालाखाली हात घाली. त्याच वेळी शंख वाजे. याला म्हणायचं शून्यविधी. "माणसानं अहंकार शून्य करावा! बघा, काट्यानंबी केला!" महाराज गरजत. मग पादुका उचलून भक्ताच्या कपाळाला लावत आणि स्वतःच्या मांडीवर घेत. भक्त पुन्हा त्याच काट्यावर चढला की रुमाल दूर व्हायचा. दोन किलो गायब! भक्त उतरताच टाळ्यांच्या गजरात रुमाल पुन्हा पडायचा आणि शिष्याचा हात पुन्हा त्याखाली जायचा.

काटा तोच, माणूस तोच, मधे फक्त शंख. लोक वेडे व्हायचे बाकी होते.

गर्दीच्या मागच्या टोकाला रूपाली उभी होती. ती कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची. तिचं टाळ्यांकडे लक्ष नव्हतं. ती पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या आपल्या सासूच्या पायांकडे बघत होती. ते पाय इतके सुजले होते की चपलेत मावत नव्हते.

कडूबाईंच्या दोन्ही किडन्या थकल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. अंगात साठलेलं पाणी मशीन काढून टाकायचं. आधी वजन, नंतर वजन, साधारण दोन किलोंचा फरक. बाईंना सुयांचा मनस्वी कंटाळा होता. तेवढ्यात कोणीतरी कानावर घातलं की महाराजसुद्धा दोनच किलो काढतात, सुई न टोचता आणि चार तास न झोपवता. झालं! बाईंनी दवाखाना सोडला.

खरं तर कडूबाईंना फसवणं सोपं नव्हतं. त्यांना दुकानाकडे येताना पाहिलं की मिठाईवाला आधीच काटा पुसायला घ्यायचा. "आधी रिकामा डबा ठेव. आता डबा कट कर. आकडा शून्य दाखव. आता घाल पेढे. पुठ्ठा पेढ्याच्या भावानं घ्यायला मी काय खुळी हाय व्हय?" अशी ही बाई. पण दुकान वेगळं आणि दरबार वेगळा. चपला बाहेर काढताना माणूस कधीकधी अक्कलही तिथंच काढून ठेवतो.

"दवाखान्याचं मशीन कधी पावणेदोन काढतं, कधी सव्वादोन," कडूबाई घरी सुनेला म्हणाल्या होत्या. "त्याचंच त्याला ठावं नाय. महाराजांचं बघ. तीनदा गेले, तिन्हीदा बरोब्बर दोन. जराबी इकडं नाय का तिकडं नाय!"

"आत्याबाई, त्याचीच तर मला भीती वाटते," रूपाली म्हणाली.

तिला खरोखरच भीती वाटत होती. तिच्या प्रयोगशाळेत पोरं लंबकाचे झोके मोजायची. कुणाचं बोट घड्याळावर जरा लवकर पडायचं, कुणाचं उशिरा. उत्तर थोडं वर जायचं, थोडं खाली यायचं. ही चूक भोळी. ती कुठल्याही बाजूला उडी मारते आणि पुष्कळदा मोजून सरासरी काढली की बरीचशी जिरून जाते. दुसरी चूक मात्र बेरकी. पट्टीचं टोक झिजलेलं असलं की सगळ्या वर्गाचं माप एकाच बाजूला चुकतं. ते हजारदा मोजा, चूक जागची हलत नाही, उलट तिच्यावर विश्वास बसत जातो. आणि ज्या पोराचं प्रत्येक वाचन शेवटच्या अंकापर्यंत सारखं यायचं, त्याला रूपाली फक्त एवढंच विचारायची, "कुणाचं बघून लिहिलंस?"

हे सगळं तिनं सासूला समजावलं. सासूनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लई शिकलीस, बाई. पण तीनदा मोजलंय ना मी!"

सोमनाथनं, म्हणजे रूपालीच्या नवऱ्यानं, कानावर हात ठेवले. तो एका कारखान्यात गुणवत्ता विभागात होता. दिवसभर दुसऱ्यांच्या मापातल्या चुका काढायचा आणि घरी आला की म्हणायचा, "जाऊ दे ना, आईला बरं वाटतंय."

बरं कसलं वाटतंय! बाईंना आडवं झालं की दम लागायला लागला. नडगीवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "आज आणा. पाणी फुप्फुसात भरलं तर आमच्याही हातात काही राहणार नाही."

रूपाली सासूच्या पाया पडली, तिच्यावर चिडली, रडलीसुद्धा. शेवटी कडूबाई म्हणाल्या, "महाराजांचा काटा एकदा, फकस्त एकदा खोटा पडलेला दाखव. मंग तू म्हणशील तिथं येते. नायतर सुयांचं नाव काढायचं नाय."

म्हणून रूपाली शेडमध्ये आली होती. सोबत शेजारची शकीला होती आणि दोघींच्या मधे कांद्यांचं पोतं. वैजापूरहून रूपालीच्या माहेरच्यांनी पाठवलेलं.

शकीलाला हलकेश्वरांचा अनुभव होता. गुडघ्यांसाठी ती चार वेळा येऊन गेली होती. "चार बार आयी मैं, म्हंजी आठ किलो गेले ना?" ती रूपालीच्या कानात म्हणाली. "फिर कपडे वैसेच तंग कायकू हैं? महाराजला इचारलं तर बोलते, घर जाते जाते नया पाप जम गया. अब चिकलठाण्यापासून माझ्या घरापर्यंत रिक्षात बसून मैं कौनसा पाप करी?"

"पुढचा भक्त!" शिष्य ओरडला.

रूपाली आणि शकीलानं पोतं ओढत पुढं नेलं.

"महाराज, याचं पाप उतरवा," रूपाली हात जोडून म्हणाली.

शेडमध्ये खसखस पिकली. महाराजांनी डोळे बारीक केले. पण इतक्या लोकांसमोर नाही कसं म्हणायचं? शिवाय गडी हजरजबाबी.

"कांद्याला काय साधा समजता व्हय?" ते गरजले. "घरोघरच्या आयाबायांना रडवतो हा! हे पाप न्हाई तर काय?"

वा! काय टाळ्या पडल्या! पोतं काट्यावर चढलं, बावीस भरलं, उतरलं. पादुका, रुमाल, शंख. पोतं परत चढलं. वीस! कांद्याचाही उद्धार झाला. एका म्हातारीनं पोत्याला नमस्कार केला. कडूबाईंनी सुनेकडे असं बघितलं, जणू विचारत होत्या, आता तरी पटलं का?

रूपालीनं पिशवीतून मिठाचा पुडा काढला. एक किलोचा.

"आता याचं, महाराज."

महाराजांचा चेहरा जरा उतरला. "मिठाचं नको," ते म्हणाले. "मीठ सात्त्विक असतं."

"म्हणजे पाप नाहीच का? मग वजन तेवढंच राहील. तेही बघू," रूपाली म्हणाली.

"कांद्याचं उतरलं, मिठानं काय घोडं मारलंय?" पैलवान ओरडला. त्यामागून सगळी शेड ओरडली. "मिठाचं! मिठाचं!" भक्तीला एकदा पाय फुटले की महाराजांनाही ती आवरत नाही.

पुडा ठेवला. एक किलो. उचलला. पादुका आल्या, रुमाल पडला, शंख जरा कापऱ्या आवाजात वाजला. पादुका उचलल्या, पुडा पुन्हा ठेवला. शिष्य रुमाल काही सोडेना. शकीलानं पुढं होऊन तो ओढला.

काट्यावर लाल आकडा झळकला. उणे एक.

मग मागून कोणीतरी विचारलं, "उणे एक किलो मीठ म्हंजी भाजीत घालायचं का भाजीतून काढायचं?"

"लीला! ही लीला!" महाराज हात उंचावून ओरडले. "मिठानं मागल्या जन्मीचंबी..."

"थांब रं!"

आवाज पहिल्या रांगेतून आला होता. कडूबाई खुर्चीचा हात धरून, धापा टाकत उठत होत्या. त्यांचे डोळे काट्यावरून महाराजांच्या मांडीवर गेले, पादुकांवरून परत काट्यावर आले.

"अगं बाई! ह्यानं तर डबा कट केला!"

रूपालीला हसू आणि रडू एकदमच आलं.

"रिकामा डबा ठेवायचा, बटन दाबायचं, आकडा शून्य करायचा," कडूबाई दम घेत घेत गर्दीला सांगू लागल्या. "मिठाईवाला मंग डब्यात पेढे घालतो. ह्या भामट्यानं डबाच काढून मांडीवर घेतला! त्या पादुका दोन किलोच्या हायेत, दुसरं काय!"

"शून्य झाल्यावर पादुका उचलल्या की काटा उणे दोनवर जातो," रूपाली म्हणाली. "ते दिसू नये म्हणून रुमाल. बटणाचा बारीक 'पीं' आवाज ऐकू येऊ नये म्हणून शंख. मग कोणीही चढा, दोन कमीच दिसणार. आत्याबाई, इतक्या तऱ्हेची माणसं. खरंच काही उतरत असतं तर कुणाचं जास्त, कुणाचं कमी भरलं असतं. चूक सारखी एकाच बाजूला, एकाच मापानं झुकली की समजायचं, तिला कोणीतरी मालक आहे."

पैलवानानं पुडा बाजूला केला, बटन दाबून काटा शून्यावर आणला आणि पादुका सरळ त्यावर ठेवल्या. दोन किलो. बरोब्बर. महाराज तोवर सिंहासन सोडून मागच्या दाराकडे निघाले होते, आणि चांगले चपळ निघाले.

कडूबाईंनी पळणाऱ्याकडे पाहिलंही नाही. त्या हळूहळू काट्याजवळ आल्या, पादुका खाली काढायला लावल्या, आकडा शून्य आहे का ते आधी वाकून बघितलं आणि मग वर चढल्या. बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मागच्या डायलिसिसनंतरच्या वजनापेक्षा तो साडेपाच किलोंनी जास्त होता.

"म्हंजी पाणी माज्या अंगातच हाय," त्या हळूच म्हणाल्या. "रूपाली, मला दवाखान्यात ने गं."

दवाखान्यात आफरीन नावाची मुलगी डायलिसिसचं मशीन सांभाळायची. कडूबाईंनी आधी तिला रिकामा काटा दाखवायला लावला. मग गुपचूप हात पुढं केला. सुई टोचली तेव्हा तोंड वाकडं केलं, पण हात मागं घेतला नाही. सोमनाथ पायथ्याशी मान खाली घालून उभा होता. चार तासांनी त्यांना मोकळा श्वास आला. तो ऐकून रूपालीनं भिंतीला टेकून डोळे मिटले.

"किती निघालं गं?" कडूबाईंनी विचारलं.

"पावणेतीन किलो. थोडं वरच," आफरीन म्हणाली. "बाकीचं उद्या काढू, एकदम नाही काढता येत."

"बरोब्बर तीन नाय ना?"

"नाही."

"मंग खरं असंल," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

वाचकहो, मोजणाऱ्याचा हात थोडा कापतोच, त्याला घाबरू नका. पुन्हा मोजा, दुसऱ्याकडून मोजून घ्या. पण जो कधीच चुकत नाही आणि प्रत्येकाला तेच माप देतो, त्याच्यासमोर हात जोडण्याआधी एक काम करा. त्याचा रुमाल बाजूला करून रिकामा काटा बघा.