बसेन तर चालवायलाच

विभावरीबाईंना एक सवत होती आणि ती सव्वापाच मीटर लांब होती. बाटलीसारखा गर्द हिरवा रंग, दोनच पण लांबलचक दारं, आत सायीच्या रंगाचं चामडं. नाव ब्युइक रिव्हिएरा. अमेरिकेतल्या कंपनीने हे मॉडेल काढायचं केव्हाच बंद केलं होतं. हायडेलबर्गमधलं अमेरिकन सैन्य गाशा गुंडाळून मायदेशी निघालं, तेव्हा एका सार्जंटने ही गाडी नागेशरावांच्या गळ्यात मारली. नागेशरावांनीही हार घालून घ्यायचा असल्यासारखी मान पुढे केली.

तोवर हा माणूस ट्रामने ऑफिसला जात होता. शर्टाची कॉलर विरल्याशिवाय नवा शर्ट घ्यायचा नाही, असा बाणा. पण हौसेला मोल नसतं म्हणतात ते खरं. इमारतीखालच्या गॅरेजात गाडीचं नाक पांढऱ्या पट्टीच्या बाहेर यायचं आणि शेजारीण कुरकुरायची. नागेशराव तिला हसून नमस्कार करायचे आणि जुन्या मलमलच्या तुकड्याने ते नाक पुसायचे. एकदा मागचा दिवा फुटला. बदली दिवा अमेरिकेतून येईपर्यंत उन्हाळा सरला आणि तेवढे दिवस घरात सुतक असल्यासारखे ते वावरले. गाडीची नंबरप्लेट हंगामी होती. एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने ती रस्त्यावर काढायची परवानगी. त्या महिन्यांतल्या प्रत्येक रविवारी सकाळी ते श्वेट्सिंगेनच्या पलीकडे, एका शेतकऱ्याच्या आवारात, जुन्या अमेरिकन गाड्यावाल्यांच्या अड्ड्यावर जायचे. परत आले की चेहरा असा, की बघणाऱ्याला वाटावं, हे काशीला जाऊन आले.

"ती धावत नाही गं, तरंगते," ते सांगायचे.

"तरंगू दे," विभावरीबाई म्हणायच्या. त्या गाडीत त्या कधी बसल्याच नव्हत्या.

म्हणजे एकदा बसल्या होत्या आणि तिथेच सगळं बिनसलं. गाडी बघायला दोघं सार्जंटच्या घरी गेले होते. विभावरीबाई नवी साडी नेसून ऐटीत डाव्या दाराकडे गेल्या, आत बसल्या, पर्स मांडीवर घेतली, पट्टा लावला. पुण्यात सगळा जन्म गाडीत डावीकडूनच बसण्यात गेलेला. मान वर केली तर समोर स्टिअरिंग. सार्जंट हसला, त्याचं काही नाही. पण नागेशरावही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि वर त्या परक्या माणसाला इंग्रजीत म्हणाले, "बघा, गाडी घ्यायच्या आधीच बायकोला चालवायची आहे!"

विभावरीबाईंच्या माहेरी राग पिढीजात. त्या शांतपणे उतरल्या आणि मराठीत म्हणाल्या, "आता या गाडीत बसेन तर चालवायलाच." आणि ट्रामने घरी आल्या.

पुढे सगळा संसार नीट चालला. भांडणं झाली, मिटली, मुलगा समर्थ मोठा होऊन न्युरेम्बर्गला नोकरीला लागला. तो राग केव्हाच विरून गेला होता, पण शब्द तेवढा राहिला होता. दर रविवारी नागेशराव दारात बूट चढवता चढवता विचारायचे, "येतेस?"

"छे, मला कामं आहेत."

"बरं," असं म्हणून ते निघून जायचे.

आता हे "छे" म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. पंगतीत जिलेबी वाढायला आलेल्याला आपण नको म्हणतो, तेव्हा तो वाढपी पुढे गेला तर जीव जळतो. त्याने थांबावं, "एक तरी घ्या" म्हणावं, ताटावर धरलेला हात आपणच हळूच काढावा, ही रीत. विभावरीबाई दर रविवारी ताटावर हात धरायच्या. कामं कसली, खिडकीशी उभ्या राहून हिरवं नाक वळणावर दिसेनासं होईपर्यंत बघायच्या. 'अगं चल ना' असं एकदा, फक्त एकदा म्हणाले असते तर पायात चपला सरकवून धावत गेल्या असत्या. पण नागेशरावांना जर्मनीचं पाणी लागलं होतं. इथे नाही म्हणजे नाही. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे समोरच्याच्या मताचा अपमान. पुण्यात जन्मलेल्या माणसाने एवढं जर्मन व्हायचं कारण नव्हतं, असं विभावरीबाईंचं आजही मत आहे.

जानेवारीत, गाडी खाली गॅरेजात झाकून ठेवलेली असताना, नागेशराव गेले. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत. दिवस झाल्यावर समर्थने हळूच विषय काढला.

"आई, गाडीचं काय करायचं? तू काही चालवणार नाहीस."

"विकून टाक."

"तुला वाईट नाही ना वाटणार?"

"सवतीचं कसलं वाईट वाटायचं? फक्त यंदाचा ऑक्टोबर होऊ दे. मग ने."

का, ते समर्थने विचारलं नाही. तोही इथलाच झाला होता. त्याने कार्ल्सरूहेचं एक गिऱ्हाईक ठरवलं. नोव्हेंबर लागला की ट्रेलरवर घालून गाडी नेणार.

आणि इकडे विभावरीबाईंनी, बासष्टाव्या वर्षी, कोणालाही न सांगता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. गाडी जायच्या आत तिच्यात एकदा बसायचं होतं, आणि दिलेला शब्द मोडायचा नव्हता. दुसरं कारण नाही. पुण्यात त्या लूना चालवत, तेवढाच काय तो अनुभव. शिकवणाऱ्या फ्राऊ ओझदेमिर जाडजूड, मोठ्या आवाजाच्या आणि मनाने लोण्यासारख्या होत्या. विभावरीबाईंचं गिअरपाशी अडत नव्हतं, शिकायची गाडी ऑटोमॅटिकच होती. अडत होतं ते चौकात. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा इथला नियम त्यांनी पाठ केला होता. पण त्या डावीकडच्यालाही जाऊ द्यायच्या, समोरच्यालाही आणि लांबून येणाऱ्या सायकलवाल्यालाही.

"फोरफार्ट तुमचा आहे!" फ्राऊ ओझदेमिर ओरडायच्या. "तुमचा हक्क आहे, घ्या की तो! सगळं जग जाईपर्यंत थांबणार का?"

"अहो, त्यांना घाई असेल," विभावरीबाई म्हणायच्या.

पहिल्या परीक्षेत नापास झाल्या. कारण दिलं, वाजवीपेक्षा जास्त थांबतात. त्या रात्री नागेशरावांच्या फोटोकडे बघून त्यांना हसू आलं आणि हसता हसता रडू कोसळलं. थांबण्यातच तर सगळी वर्षं गेली होती, तेही दोघांची.

दुसऱ्या खेपेला पास झाल्या. परीक्षकाने कार्ड हातात दिलं तेव्हा फ्राऊ ओझदेमिरनी त्यांना अशी मिठी मारली की चष्मा वाकला.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उजाडला. विभावरीबाईंनी साडी नेसली, गॅरेजात उतरल्या, गाडीवरचं कापड काढलं आणि नागेशरावांनी हिवाळ्यासाठी बॅटरीला लावून ठेवलेली चार्जरची वायरही. आत बसल्या तो नागेशरावांच्या दाढीच्या साबणाचा वास आला. वर्षभर बंद गाडीत तो तसाच राहिला होता. त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. मग किल्ली फिरवली. सवत तक्रार न करता जागी झाली.

श्वेट्सिंगेनपर्यंतचा रस्ता त्यांनी जीव मुठीत धरून काढला. ते लांब नाक कुठे संपतं ते कळत नव्हतं. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. पण एका सरळ रस्त्यावर, दोन्ही बाजूंना नांगरलेली शेतं असताना, गाडी खरंच तरंगली. "अय्या," विभावरीबाई मोठ्याने म्हणाल्या आणि हे सांगायला उजवीकडे वळून पाहिलं. उजवी सीट रिकामी होती. गाडी घेतल्यावर नागेशरावांनी नव्याने चढवून घेतलेल्या चामड्याला एक सुरकुतीसुद्धा नव्हती. डाव्या सीटचं चामडं बसून बसून चेपलं होतं. हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, की आपण चालवायला बसलो की आपली जागा मोकळीच राहणार.

आवारात सात-आठ गाड्या लागल्या होत्या, बोनेट उघडी टाकलेल्या. नागेशराव गेल्याचं सगळ्यांनी पेपरात वाचलं होतं; हिरवी गाडी आत शिरली तशी बोलणी थांबली. एक उंच, पांढऱ्या मिशांचा म्हातारा पुढे आला. गेर्ड त्याचं नाव, निवृत्त शाळामास्तर. नागेशरावांच्या तोंडून हे नाव त्यांनी शंभरदा ऐकलं होतं. त्याने दार उघडून धरलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "एंडलिश." म्हणजे, आलात एकदाच्या.

"तुम्ही मला ओळखता?"

"नागेश दर रविवारी सांगायचा, पुढच्या वेळी बायको येणार आहे. आम्ही त्याला चिडवायचो, की तुला बायकोच नाही, तू थापा मारतोस."

कोणीतरी केकची बशी पुढे केली. विभावरीबाई सवयीने "नको नको" म्हणाल्या आणि बशी तत्काळ पुढच्याकडे गेली. एरवी त्यांना राग आला असता. आज त्या बशीकडे नुसत्या बघत राहिल्या.

"बसा तरी," गेर्ड म्हणाला आणि घरच्यासारखा गाडीच्या मागे जाऊन डिकी उघडली. विभावरीबाईंनी ती डिकी कधी पाहिलीच नव्हती. आत घडीच्या दोन खुर्च्या होत्या, एकाच निळ्या कापडाच्या. एकीचं कापड उन्हाने पांढरट झालेलं, बूड सैल पडलेलं. दुसरी दुकानातून आणली तशी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.

"ही उघडायची नाही म्हणायचा," गेर्डने सांगितलं. "एकदा पाहुणे जास्त झाले, तरी दिली नाही. अगदी असंच म्हणाला, ज्याची त्याने उघडावी."

विभावरीबाईंनी ते प्लास्टिक नखांनी फाडायचा प्रयत्न केला. ते फाटेना. मग त्या दोन्ही हातांनी ती खुर्ची तशीच पोटाशी धरून उभ्या राहिल्या आणि त्या सगळ्या परक्या माणसांसमोर मोकळेपणी रडल्या. दुसऱ्यांदा कधी विचारलं नाही म्हणून ज्या माणसावर त्या मनातून रुसून होत्या, तो दर रविवारी त्यांची खुर्ची घेऊन जात होता आणि तशीच परत आणत होता. आणि आपण विचारलं असतं तर? 'मी येऊ का?' एवढंच. तोंडाला काय कुलूप लागलं होतं?

गेर्डने खिशातला चाकू काढून दिला. विभावरीबाईंनी प्लास्टिक कापलं, खुर्ची उघडली आणि नागेशरावांच्या खुर्चीला लावून ठेवली. कॉफी प्यायल्या. नागेशराव कोणत्या गाडीला नावं ठेवायचे, कोणाशी वाद घालायचे, ते सगळं ऐकून घेतलं. ऊन कलेपर्यंत त्या तिथे बसल्या.

निघायची वेळ झाली तेव्हा त्यांनी किल्ली गेर्डपुढे धरली.

"तुम्ही चालवाल? हायडेलबर्गपर्यंत?"

"का? रस्ता नाही आठवत?"

"रस्ता आठवतो. मला तिकडे बसायचंय," विभावरीबाईंनी उजवीकडे बोट दाखवलं. घेतलेली शपथ, मिळवलेलं लायसन्स, सगळं त्या क्षणी त्यांना फोलपटासारखं वाटलं. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच कोणाकडे काही असं सरळ मागितलं होतं.

शाळामास्तराने उजवं दार उघडलं. विभावरीबाई बसल्या, पर्स मांडीवर घेतली, पदर सावरला. कोऱ्या चामड्यावर पहिली सुरकुती पडली. गेर्डने गाडी रस्त्यावर आणली आणि सरळ पट्टा आला तसा वेग वाढवला. बाहेर शेतं मागे पळू लागली. विभावरीबाईंनी डोळे मिटले.

"अहो, जरा हळू चालवा," त्या म्हणाल्या.

गेर्डला मराठीचा एक शब्द येत नव्हता. पण त्याने वेग कमी केला.