आठवी कडी

मी चांदीचा करदोडा बोलतोय. गडीमाणसाच्या कमरेला, सदऱ्याखाली असतो तो. मला कुणी बघत नाही, पण या घरात कुणाचं पोट किती सुटलं हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

घोडनदीच्या सोनारानं मला घडवलं ते तळेगाव ढमढेऱ्याच्या पोपटरावांसाठी. दिवसभर नांगरामागं चालणारा माणूस. अंगावर बोटभर चरबी नाही, मी मजेत लोंबायचो. असा माणूस पन्नाशीच्या आत, उसाच्या बांधावर बसल्या बसल्या छातीला हात लावून गेला. लोक म्हणाले, नजर लागली.

मग मी त्यांच्या मुलाकडं, हौसरावांकडं आलो. तोवर ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, कारखान्याची सभासदाची साखर आली. दिवाळीला पोतं घरात यायचं आणि पुढच्या दिवाळीच्या आत ते संपलंच पाहिजे, असा हौसरावांच्या बायकोचा, म्हाळसाबाईंचा नेम. चहात चमचा उभा राहायचा. पाहुण्याच्या ताटात नको नको म्हणता आणखी एक पुरणपोळी पडायची, आणि पाहुणा नसला की तीच पोळी नवऱ्याच्या ताटात. मी कमरेत रुतायला लागलो. हौसरावांनी चार कड्या वाढवून घेतल्या आणि गावभर सांगितलं, "आमच्या घराण्यात पोट असतंच. रगतातच हाय." जणू सातबाऱ्यावर तशी नोंदच होती.

बावन्नाव्या वर्षी त्यांनाही झटका आला. ते वाचले, पण दवाखान्यात मला कमरेवरून काढायला दोन माणसं लागली. म्हाळसाबाईंनी मला घरी आणलं, चिंचेनं घासलं आणि मुलाच्या, सुदर्शनच्या कमरेला घातलं. तेव्हा तो काटकुळा होता. मी सारखा खाली घसरायचो आणि ते त्यांना बघवायचं नाही. "करदोडा भरला पायजे," म्हणाल्या, आणि तुपाची वाटी पुढं सरकवली. दहा वर्षांत करदोडा भरला. वर तीन कड्या लागल्या.

गेल्या वर्षी सुदर्शन आठवी कडी घालायला शिरूरला, म्हणजे घोडनदीच्या त्याच सोनाराकडं निघाला. वडिलांची तपासणीही तिथंच होती, म्हणून सगळं घर जीपमध्ये बसलं. डॉक्टरीणबाईंनी बोलता बोलता पोपटराव कितव्या वर्षी गेले ते विचारलं, आणि हातातलं पेन खाली ठेवलं. ज्याच्या बापाला, आज्याला लवकर झटका आला त्यानं आधीच तपासून घ्यायचं असतं, म्हणाल्या. सुदर्शनचं रक्त घेतलं. सोबत आलेल्या त्याच्या बायकोचं, शितलचंही घेतलं. दुपारी कागद आले. सुदर्शनच्या रक्तात चरबी भरलेली, आणि साखर दोघांनाही.

"रगतातच हाय आमच्या, बाई," म्हाळसाबाई म्हणाल्या.

"आणि सूनबाईंचं रक्त कुठलं?"

"ती दौंडकडची. तिच्या म्हायेरात कुणालाच न्हाई." मग त्या थांबल्या. "मंग हिला कुठनं आली?"

शितल खाली बघत म्हणाली, "तुमच्याच हातचं खाते ना, आत्या. धा वर्सं झाली."

म्हाळसाबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजी म्याच घातली व्हय समद्यांच्या तोंडात?"

डॉक्टरीणबाईंचा आवाज मऊ झाला. "तुम्ही मायेनंच वाढलं, आजी. रक्तातून आलंय त्याला मी गोळी देते. चुलीवरचं तुम्ही बघा. हा अडतीस वर्षांचा आहे आणि ह्याची सृष्टी सहा वर्षांची. तिच्या लग्नात हा उभा पाहिजे ना?"

येताना सोनाराचं दुकान लागलं. जीप थांबली नाही.

दिवाळीचं पोतं म्हाळसाबाईंनी देवळाच्या भंडाऱ्याला देऊन टाकलं. त्या भंडाऱ्यात हौसराव तीनदा जेवून आले, ती गोष्ट वेगळी. सुदर्शन रोज सकाळी चालायला जायचा, पण मोटारसायकलवर. वेशीपर्यंत गाडी, मग पारावर तासभर गप्पा. मी कमरेलाच होतो, पण मला कोण विचारतंय? शेवटी सृष्टीनं आजीला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून गाडीची किल्ली म्हाळसाबाईंच्या कनवटीला, आणि सृष्टी बापाच्या पुढं.

यंदा आम्ही परत सोनाराकडं गेलो. "कितीनं वाढवू?" त्यानं सवयीनं विचारलं.

"दोन काढायच्यात," सुदर्शन म्हणाला.

सोनारानं चष्मा पुसून त्याच्याकडं पाहिलं. त्या दोन कड्यांत थोडी चांदी घालून त्यानं सृष्टीला पैंजण केले.

तर माणसांनो, आपल्या बाप-आज्याला काय झालं होतं ते एकदा विचारून ठेवा, आणि लेकराचा करदोडा भरायची घाई करू नका. सृष्टीच्या पायात माझीच चांदी आहे, पण नुसत्या चांदीनं कुणाचा आजार जात नाही. सृष्टी पुढं पळते, पैंजण वाजतात, ते ऐकून मागचा गडी चार पावलं जास्त टाकतो, आणि मी घसरतो. म्हाळसाबाई ओट्यावरून बघतात. आता त्या मला काही म्हणत नाहीत.