डांबरासाठी सोडलेली जागा

मी एक बेस गिटार बोलतेय. बर्चच्या लाकडाची, अंगाने जाड, आवाजाने त्याहून जाड. शिक्षण म्हणाल तर चारपर्यंत मोजता येतं, कारण तारा चारच आहेत. हल्ली पाच तारांच्या गिटारी निघाल्यात म्हणे. त्या कॉलेजात गेल्या असतील. पण माणसं वाचायला शाळा लागत नाही. वाजवणाऱ्याच्या पोटाला पाठ टेकवून मी उभं आयुष्य काढलंय. माणूस तोंडाने काय बोलतो आणि पोटात काय बोलतो, दोन्ही मला एकदम ऐकू येतं.

माझा बाप एव्हर्ट. बर्फावरून घसरत चालायच्या लाकडी स्की बनवायचा. आमच्या तळ्याकाठच्या गावात चालायला लागलेलं मूल आधी त्याच्या शेडमध्ये यायचं, मग शाळेत जायचं. पण एका वर्षी दुकानात प्लास्टिकच्या स्की आल्या. त्या सबंध हिवाळ्यात एव्हर्टच्या दारात एकच गिऱ्हाईक उभं राहिलं, आणि तेही रस्ता विचारायला.

त्याची बहीण हिल्का. तिच्या जिभेला धार लावायची गरज कधी पडली नाही. तिचा नवरा ओन्नी गावच्या नाचाच्या बँडमध्ये बेस वाजवायचा. त्याच्या जुन्या कारखानी गिटारीचा पिकअप म्हाताऱ्याच्या कवळीसारखा हलायचा. पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसलेली काळी डबी. तिच्या पोटात लोहचुंबक आणि केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर तार थरथरली की ही चुगलखोर डबी ती बातमी वायरीतून स्पीकरला पोचवते. डबीच डुगडुगत असेल तर बातमीत भेसळ होणारच.

"दादा," हिल्का एक दिवस कॉफी ओतता ओतता म्हणाली, "खिडकीत बसून प्लास्टिकला शिव्या देतोयस, त्यापेक्षा ह्यांना एक गिटार करून दे."

"मी स्की करतो."

"मग लांबट कर."

अशी मी पोटात राहिले.

एव्हर्टने स्कीसाठी राखलेली फळी घेतली. मान अशी बसवली की सांध्यात नख शिरू नये. मग हेलसिंकीहून टपालाने पिकअप आला, त्याचं माप घेतलं आणि पटाशीने खाच कोरली. आणि इथे बेट्याने माती खाल्ली. लाकडी स्कीला शेवटी पाइनच्या झाडाचं डांबर पाजतात, म्हणून स्की करणारा प्रत्येक मापात डांबरापुरती जागा सोडतो. तीस वर्षांचा हात तो! डोकं म्हणालं गिटार, हाताने ऐकलं स्की. चारी बाजूंनी डांबराची जागा सुटली. गिटारीला डांबर कोण पाजतो?

पिकअप खाचेत ठेवला आणि तो आत डुलायला लागला. एव्हर्टने सैतानाचं नाव घेतलं, दाराला आतून कडी घातली, बर्चच्या बारीक चिपा काढल्या, सरस लावून फटीत ठोकल्या आणि वरून बुटाचं काळं पॉलिश चोपडलं. झालं! पिकअप असा घट्ट बसला की जणू माझ्याबरोबरच जन्मला. मला हसू येत होतं, पण अजून तारा नव्हत्या, हसणार कशाने?

दुसऱ्या दिवशी दुकानात हा गडी काय सांगतोय! "पिकअपला स्क्रू एकही नाही! मापच असं घेतलं. स्क्रू लावावा लागला तर तो सुतार कसला?"

गाव मान डोलावून गेलं. आमच्या गावात मान डोलावली म्हणजे भाषण झालं. बातमी फिरत शेजारच्या गावच्या बँडचा प्रमुख नूतिनेन याच्यापर्यंत पोचली. त्याने निरोप धाडला: युहान्नुसच्या नाचाला, म्हणजे आमच्या ऐन उन्हाळ्याच्या सणाला, येतो. गिटार कानाने ऐकतो, डोळ्याने बघतो. पसंत पडली तर आमच्यासाठीही करा.

एव्हर्टने त्या आठवड्यात शेड दोनदा झाडली. पटाशांना धार लावताना शीळ घालत होता, आणि ती शीळ गावाने दोन वर्षं ऐकली नव्हती.

सणाच्या दिवशी दुपारी ओन्नीने अंगणात मला स्पीकरला जोडलं, तार छेडली आणि मी गप्प. खोटं नाही सांगत, मस्करी नव्हती ती. पिकअप इतका कोंबून बसवला होता की खालची वायर चेंगरून डाखापाशी तुटली होती. अंगभर थरथर, आवाज शून्य.

"पिकअप काढून बघू," ओन्नी म्हणाला.

"तो निघत नाही," एव्हर्ट म्हणाला. "तेच तर कसब आहे."

"मेव्हणे, याला कसब नाही, दफन म्हणतात."

"दाजी, तुम्ही जोरात वाजवता म्हणून झालं!"

"आता तर अगदी हळू वाजतेय बघा. ऐकूच येत नाही."

ओन्नीने सुरीचं टोक लावून बघितलं, एव्हर्टने ते हिसकावलं. शेवटी ओन्नी सुस्कारा सोडून म्हणाला, "माळ्यावरची जुनी काढतो. ही भिंतीवर शोभेल." माझ्या चारी तारा गार पडल्या. एव्हर्टचा चेहरा तर त्याच्या न विकलेल्या स्कीसारखा लांब झाला.

तेवढ्यात हिल्का आली, खांद्यावर टॉवेल, हातात ताज्या बर्चच्या डहाळ्यांची जुडी. सणाचा साउना, म्हणजे आमची वाफेने अंग शेकायची लाकडी खोली, तापला होता आणि पहिली पाळी तिची होती. तिने मला मानेला धरून उचललं.

"कुठे नेतेस?" एव्हर्ट किंचाळला.

"वाफेला. अडकलेलं सगळं वाफेने सुटतं. तू सोडून."

"अगं, लाकूड आहे ते!"

"आणि स्कीची टोकं तू कशावर वाकवतोस दादा, प्रार्थनेवर?"

सरस वाफेत विरघळतो हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? पण ते सांगायचं तर आत सरस आहे हे कबूल करावं लागलं असतं.

तर मंडळी, बेस गिटारीने साउना घेतला. मला खालच्या फळीवर निजवलं, पिकअपभोवती ओला फडका गुंडाळला, तापल्या दगडांवर पाण्याचे तीन ओगराळे पडले. बाहेर एव्हर्ट दाराशी येरझारा घालत होता आणि ओन्नी त्याला विचारत होता, "घाम तुम्हाला कसा आला हो?"

मला आधी गुदगुल्या झाल्या. मग आत काहीतरी सैल पडलं, आणि पिकअप टपकन हिल्काच्या हातात आला. त्याच्या मागोमाग काळी, चिकट, बोटाएवढी चीप.

हिल्का टॉवेल गुंडाळून दारात आली. चीप भावासमोर धरली. एव्हर्टने बुटांकडे बघितलं.

"डांबराची जागा सोडली होती," तो पुटपुटला. "सवयीने."

मला वाटलं, आता ओन्नी वर्षभर पुरेल एवढं हसणार. त्याने चीप घेतली, पुसली, वाकवून बघितली आणि खिशात टाकली. "वायर मी डाखतो," म्हणाला. "बाकी तुमचं तुम्ही बघा. नूतिनेन सातला येतोय."

एव्हर्ट शेडकडे धावला. परत आला तेव्हा हातात स्की-बुटांच्या पट्ट्यांचे दोन जाड स्क्रू आणि जुन्या बुटातला नमद्याचा तुकडा होता. नमदा खाली, पिकअप वर, दोन बाजूंना दोन स्क्रू. पहिला पिळताना तो सैतानाचं नाव घेत होता, दुसरा पिळताना तो शीळ घालत होता.

संध्याकाळी तळ्याकाठच्या नाचघरात मी काय वाजले म्हणून सांगू! नमद्यावर बसल्यावर पिकअपला श्वास मिळाला होता. आणि ओन्नी मला बोटांनी नाही, त्या काळ्या चिपेने छेडत होता, एव्हर्टकडे बघत, डोळे मिचकावत. एव्हर्ट लाल झाला. पण बायकांनी जोडीदार निवडायची पाळी आली तेव्हा पोस्टातल्या सेल्माने त्यालाच ओढून नेलं, त्यामुळे तो कशाने लाल झाला ते गावाला कळलं नाही.

नूतिनेन लोणच्यासारखं तोंड करून माझ्यावर वाकला. "स्क्रू नाहीत असं ऐकलं होतं."

सगळं नाचघर कान देऊन उभं. एव्हर्ट पुढे झाला. "नव्हते. ती माझी चूक होती. आता उघडता येते."

नूतिनेनने दोन्ही स्क्रूंवरून अंगठा फिरवला. मग मान डोलावली. "दोन करा. स्क्रू असेच."

एव्हर्टने पुढे बऱ्याच गिटारी केल्या. तो गेला, ओन्नीही गेला. आता मला ओन्नीची नात वेन्ला वाजवते. तिच्या मित्रांच्या गिटारींत पिकअपच्या खाचा मापून, यंत्राने कोरलेल्या. पण पोरं उघडून एकमेकांना दाखवतात ते माझंच पोट. मध्ये शहरातला एक दुरुस्तीवाला स्क्रू बघून हसला, म्हणाला, "हे बदलून बरोबरचे लावतो."

वेन्ला म्हणाली, "हात लाव, मग आजी कुठे नेते बघ."

हिल्का नव्वदीची आहे आणि साउना आजही तापतो. तेव्हा बाबांनो, माझी वायर बदला, तारा बदला, मान सरळ करा, पण ते दोन स्क्रू राहू द्या. आणि काळी चीप माझ्या पेटीच्या कप्प्यात आहे. कुठली, कशाची, असं कोणी विचारलं तर सांगायचं, तारा छेडायची आहे; बाकी घरातलं घरात.