विंगेतून दिलेली ओळ

कोर्राडो बोलता बोलता थांबला आणि मी हातातल्या नाटकाच्या कागदांवर बोट ठेवून पुढची ओळ शोधली.

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या वाचनालयातलं छोटं सभागृह. मी माझ्या मुलीकडे राहायला आल्यापासून शेजारचा हा इटालियन नट माझा एकमेव मित्र. आधी मिलानची रंगभूमी, मग सिनेमा. तिथे बहुतेक पाद्री, नाहीतर खुनी. "चेहरा तोच, फक्त झगा बदलायचा," असं तो म्हणे. आज ही सगळी कारकीर्द सांगून झाल्यावर तो आपलं गाजलेलं स्वगत इंग्रजीतून करत होता.

अलीकडे तो विसरू लागला होता. हे मला एकट्यालाच ठाऊक होतं. त्याची मुलगी लिव्हिया पहिल्या रांगेत बसली होती. तिला कळलं तर ती त्याचं एकट्याचं बिऱ्हाड मोडील, ही त्याला धास्ती. नागपुरात बँकेच्या नाटकांना मी प्रॉम्प्टिंग करायचो, असं मी कधीतरी बोलून गेलो होतो. ते मात्र त्याने लक्षात ठेवलं.

"मोरेश्वर, तू विंगेत बस. तसंही तुला कोणी पाहिलेलं आवडत नाही."

प्रॉम्प्टरला सगळ्यात भीती विरामाची. नट मुद्दाम थांबलेला असताना ओळ दिली, तर प्रसंग मेलाच. म्हणून आमची खूण ठरली होती: अडला की त्याने कोटाच्या बटणाला हात लावायचा.

स्वगताचा शेवट आला: मुलाच्या बंद दारासमोर उभा असलेला बाप. कोर्राडो गप्प. हात बटणाकडे गेला नाही. विराम असेल, मी स्वतःला बजावलं. मला काय कळतं अभिनयातलं? कोणीतरी खोकलं. हात तसाच लोंबत होता. मग मनात आलं: तो खूणच विसरला असेल तर?

मी कुजबुजलो, "दार उघड. मी आलोय."

त्याने ओळ उचलली नाही. वळला, सावकाश विंगेपर्यंत आला, हवेतली कडी काढली आणि माझ्यासाठी दार उघडलं.

"ये, आत ये. किती उशीर केलास."

सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. लिव्हिया डोळे पुसत आत आली. "बाबांनी शेवट बदलला. अजून काय काम करतात, नाही?"

कोर्राडोने माझा हात घट्ट धरला होता. त्याची बोटं गार पडली होती. तो माझ्याकडे, मुलगा परत आल्यासारखा, पाहत होता.

"त्यांनी शेवट बदलला नाही," मी म्हणालो. "त्यांना आता एकटं ठेवू नका."

आवाज विंगेतलाच, कुजबुजीचा निघाला.

"काय म्हणालात काका?"

मला ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं.