दीड तासाचं टोपडं

३६.५... दवाखान्यात नातवाला ठेवलेल्या पेटीवरचा तांबडा आकडा छबुबाईला वाचता येत होता. अक्षरं नाहीत, पण आकडे येत, एसटीच्या पाट्यांनी शिकवलेले. तीन दिवस तो तेहतीसवर होता, मुद्दाम ठेवलेला. आज चौथ्या सकाळी नातू पुन्हा माणसाइतका गरम झाला होता, आणि तिला तिकडं बघवत नव्हतं.

चकलांब्यात जन्मला तो रडलाच नाही, दहा मिनिटं. मेंदूला इजा झालीय, बीडचे डॉक्टर म्हणाले, तीन दिवस अंग गार ठेवलं तर ती वाढायची थांबते. गार... जिनं सुईण म्हणून पन्नास वर्षं गावाची लेकरं शेगडीच्या उबेला धरून शेकली, तिचा नातू उघडा, आणि दोन्ही कुशींना बर्फाच्या पिशव्या. भारनियमनात त्या पिशव्या जनरेटरवाल्या कुल्फीच्या दुकानात गोठायला जायच्या आणि वेलदोड्याचा वास घेऊन यायच्या. सगळी खोली लग्नाच्या पंगतीसारखी घमघमायची — मधोमध ते निळसर, गप्प पोरगं.

दुसऱ्या दुपारी सरस्वती सिस्टर जेवायला गेली आणि लवकर आलीच नाही, तेव्हा... मी काय केलं, छबुबाई मनाशी म्हणाली, टोपडं घातलं फक्त. टोपडं, पदराची दुहेरी घडी, आणि वरून माझे तळवे. आकडा चढला — पस्तीस, छत्तीस — मला वाटलं, लेकरू सुधारायला लागलं. दीड तासानं पाऊल वाजलं तसं टोपडं चोळीत गेलं. डॉक्टरांनी मशीनला दोष दिला. औरंगाबादहून माणूस आला, त्यानं चांगलं चाललेलं मशीन उघडून दोन वायरी बदलल्या, आणि मग ते खरंच तासभर बिघडलं. सिस्टरनं बोलणी खाल्ली. दुसऱ्या कुणाचा नातू असता तर छबुबाई पोट धरून हसली असती.

"आजी, पुढं कसं होईल ते आज सांगता येत नाही," डॉक्टर आत्ताच म्हणून गेले होते. "डोक्याचा फोटो काढू. नजर लावतो का, मान धरतो का, ते तीन-चार महिन्यांनी. मधे मशीननं घात केला नसता तर जरा खात्रीनं बोललो असतो."

"त्येवढ्यानं कितीसा फरक पडला आसंल, सायब?"

"काय माहीत. कदाचित काहीच नाही."

कदाचित... म्हणजे उशिरा बसला तर तो दीड तास, तिरपं बघितलं तर तो दीड तास. आणि नीट चालला तरी — अजून नीट चालला असता का?

"आत्याबाई, तुमी घ्या की त्याला." सून रोहिणीनं पोर तिच्या मांडीवर ठेवलं. "गावात कुणाचंबी लेकरू हातात घेतलं की सांगता, ह्यो कवा चालंल, ह्यो कसा निघंल. डाक्टरला न्हाई कळत तर तुमीच सांगा."

"डाक्टरपेक्षा मी शानी हाय व्हय?"

"हाव की. तुमीच म्हनता की सगळ्यायला."

खरंच होतं. बोट मुठीत द्यायचं, लेकरू ते कसं धरतं बघायचं, बस्स. पन्नास वर्षांत तिचं चुकलं नव्हतं — दोनदाच चुकलं होतं, पण तेव्हा लोक वाईट होते.

"सांगा की."

डॉक्टरला कळत नाही ते कुणालाच कळू नये, असं तिला पोटातून वाटलं, पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मूठ अर्धी उघडी होती. बोटभर अंतरावर तिचं बोट आलं आणि तिथंच राहिलं.

"थांब ना बाई," ती म्हणाली. "झोपू दे त्याला."

तो जागा होता.