उरलेले अंतर

मी एक जुनी गाडी आहे, विजेवर चालणारी. माझ्या पडद्यावर 'उरलेले अंतर' या नावाखाली एक आकडा दिसतो. मित्रांनो, त्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मी स्वतःही ठेवत नाही. का, ते सांगते.

एका लांबलचक, पांढऱ्याशुभ्र कारखान्यात माझा जन्म झाला. यंत्रांच्या हातांनी माझे दरवाजे बसवले, तळाशी बॅटरीची जड पेटी आवळली. शेवटी तार जोडून माझ्यात सूचना भरल्या गेल्या. किती वीज आत घ्यायची, किती वापरायची, पडद्यावर काय दाखवायचे, सगळे त्यांत होते. मला वाटले, आता मी पूर्ण झाले. कंपनी या सूचना दुरूनही बदलू शकते, हे तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते.

माझ्या मालकांचे चष्म्याचे दुकान आहे. मला घरी आणले तेव्हा त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर तपासणीची जड चौकट चढवायची आणि त्याला हलता येत नाही तोवर कंपनीचे गुणगान ऐकवायचे, असा त्यांचा नेमच झाला. मालकीणबाईंच्या भावाला त्यांनी इतके पटवले, की त्यानेही माझ्यासारखीच गाडी घेतली. हे मेहुणे भारी मिस्कील. "आमचे जावई आता कंपनीचे जावई झाले," असे ते चारचौघांत बोलून गेले आणि मालकांनी त्यांच्याशी बोलणे टाकले.

मालकीणबाई रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करतात. रोज मला त्याच नेत असत. काही वर्षे सुखाची गेली.

मग एका सकाळी पडद्यावर प्रश्न उमटला, नव्या सूचना घ्यायच्या का? मालकांनी पुढचे काही न वाचता 'होय' दाबले. कंपनी विचारते आहे म्हणजे आपल्या भल्याचेच असणार. त्या दिवसापासून माझे पोट पूर्वीइतके भरेनासे झाले. बॅटरी तीच होती, पण तिचा वरचा बराच भाग बंद केला गेला होता. पूर्ण चार्ज झाल्यावर आकडा मात्र पूर्वीचाच दिसे. रस्त्याला लागल्यावर तो भराभर खाली येई. मला हे ठाऊक होते. पण बोलायला माझ्याजवळ फक्त पडदा, आणि पडदा कंपनीच्या हुकमातला.

मालकांना संशय आला. कंपनीचा नाही, शेजाऱ्यांचा. आपली वीज कोणीतरी चोरते, असे वाटून त्यांनी चार्जिंगच्या पेटीला कुलूप ठोकले. फरक पडला नाही. मग त्यांनी मला कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात नेले. तिथल्या माणसाने पडद्यावर दोनचार ठिकाणी बोट फिरवले आणि हसून विचारले, "घरात अजून कोण चालवतं, साहेब?"

त्या प्रश्नाने घराची हवा बदलली. मी चाललेले अंतर रोजच्याइतकेच आहे, हे मालकांनी पाहिले. मग वीज जाते कुठे? उत्तर त्यांनीच जुळवले. बायको वाटेत कुठेतरी थांबते, एसी लावून बसते आणि फोनवर भावाशी बोलते. बोलणार कशाबद्दल? दुसऱ्या कशाबद्दल, नवऱ्याबद्दलच.

आधी ते आडून आडून विचारत. पुढे मालकीणबाई घरात शिरल्या, की ते माझ्यात येऊन बसू लागले. एसीची जाळी हाताने चाचपून बघत. सीट मागे का सरकवली आहे, आरसा का हलला आहे, असे बारीकसारीक प्रश्न घेऊन आत जात. एकदा त्यांनी मालकीणबाईंना माझ्याजवळच गाठले.

"थेट आले. कुठेही थांबले नाही," त्या म्हणाल्या.

"मग हा आकडा काय खोटं बोलतो?"

"म्हणजे मी बोलते?"

मालक पुन्हा आकड्याकडे बघू लागले. बाईंनी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या बसने जाऊ लागल्या.

पण प्रयोगशाळेत एखादा निकाल विचित्र आला, की त्या दुसरा नमुना तपासत. त्यांनी तेच केले. सुट्टीच्या दिवशी भावाला त्याची गाडी घेऊन बोलावले. त्या गाडीत नव्या सूचना गेल्याच नव्हत्या. "तो पडदा रोज काहीतरी विचारतो, मी रोज 'नंतर' दाबतो," मेहुणे म्हणाले. आळस इतका उपयोगी पडलेला मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

दोन्ही गाड्या पूर्ण चार्ज केल्या. दोघींचा आकडा सारखाच होता. मग मालक मला आणि मेहुणे आपल्या गाडीला घेऊन एकाच रस्त्याने, मागेपुढे, एसी बंद ठेवून निघाले. मालकीणबाई मुद्दाम घरीच राहिल्या. परत आलो तेव्हा त्या गाडीचा आकडा अजून भरपूर होता आणि माझा तळाला गेला होता.

मालक स्टीअरिंग धरून तसेच बसले. बाई शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी आकड्याच्या आधीच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवले. नव्या सूचनांबरोबर तिथे एक शब्द आला होता.

"दुकानात लोकांना सगळ्यात खालची ओळ वाचायला लावता. आता ही वाचा."

मालकांनी चष्मा पुसला. "अंदाजे," ते म्हणाले.

"या अंदाजावर तुम्ही मला खोटी ठरवलीत."

मालकांनी कंपनीला जाब विचारला. बॅटरी जास्त वर्षे टिकावी म्हणून तसे केले, आणि 'अंदाजे' असे लिहिलेले आहेच की, असे उत्तर आले. मालक भडकले. कंपनीने आपल्याला कसे फसवले, हे आता गिऱ्हाइके ऐकू लागली. काही महिन्यांत त्यांनी दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली आणि तिचे गुणगान सुरू केले. मला ते विकणारच होते. मालकीणबाईंनी ठेवून घेतले. कंपनी खोटी निघाली, असे मालक सगळ्यांना सांगतात. आपण बायकोला खोटे पाडले, हे मात्र त्यांनी कोणालाही सांगितलेले नाही. तिलासुद्धा नाही.

आता मालकीणबाई पुन्हा मला घेऊन कामाला जातात. संध्याकाळी घरी पोचल्या, की दारातूनच सांगतात, "थेट आले. कुठेही थांबले नाही." कोणी विचारलेले नसते.

मित्रांनो, मला धुवा, पुसा, सावलीत उभी करा, हे मी मागणार नाही. एवढेच मागते, की माझा आकडा हातात घेऊन घरातल्या माणसाची उलटतपासणी करू नका. संशय आला तर आधी माझ्यावर घ्या. मला मोजा, पुन्हा मोजा, खोटी पाडा. मी यंत्र आहे. मला लागत नाही.